बांजाखालचं अमृत

"पण बाबा, आता लोकांना काय सांगू?"

त्र्यंबकने उलटं केलेलं पान बाबांच्या नाकासमोर धरलं.

त्याचे गुरू असलेले बाबा झाडाखाली रिठे फोडत बसले होते. त्यांनी पान पाहिलं आणि पुन्हा रिठे फोडायला लागले.

पानाच्या पाठीवर रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा मावा होता. हिरवट, मऊ, खच्चून भरलेला. किड्यांच्या शेपटाकडून बारीक थेंब सुटत होते आणि खाली पडत होते.

हिमालयातल्या त्या छोट्या आश्रमात बांजाचं, म्हणजे तिकडच्या ओकचं, एकच झाड होतं. गेल्या वर्षीच्या वणव्यात ते निम्मं होरपळलं. यंदा कोवळी पालवी फुटली आणि पाठोपाठ पानांवरून गोड थेंब ठिबकू लागले. त्र्यंबक त्याच झाडाखाली जपाला बसायचा. खालच्या गावच्या परुलीने विचारलं, "महाराज, हे काय?" तेव्हा पठ्ठ्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "तपाचं फळ असतं, माई." कुणाच्या तपाचं, ते सांगायची गरजच पडली नाही. बघता बघता माणसं डोंगर चढून यायला लागली. कुणी वाटी आणी, कुणी बाटली. त्र्यंबकचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

आज पौर्णिमा, म्हणजे मोठी गर्दी. आणि आजच सकाळी त्याने पहिल्यांदा पान उलटून पाहिलं होतं.

"बाबा, ही किड्यांची घाण आहे हो! माणसं पोराबाळांना चाटवतायत..."

बाबांनी पानावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"अहो बाबा!"

"गोड आहे."

"पण किड्यांची..."

"काल कशी लागली होती?"

"काल... कालही गोडच."

"मग बदललं काय?"

काय बदललं ते त्र्यंबकला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच तोंडातून निघत नव्हतं.

बाबांनी रिठ्यांचं पाणी घुसळलं. फेस वर आला. बादली आणि कुंचा त्यांनी त्र्यंबकच्या पायाशी सरकवला.

"आत्ता?... बाबा, मावा जाईल, पण थेंबही थांबतील. लोक वाटेवर आहेत. आजचा दिवस जाऊ द्या. उद्या पहाटे सगळं झाड धुतो."

बाबांनी हात वर करून एक डहाळी वाकवली. ती कट्कन मोडून हातात आली. आत हिरवं काही उरलं नव्हतं.

खालच्या वळणावर बायकांचं बोलणं ऐकू यायला लागलं. झाड वाचवावं तर चारचौघांत शोभा होणार, आणि अब्रू राखावी तर झाड हातचं जाणार. पळून जावं असंही एकदा त्र्यंबकच्या मनात आलं, पण गावात उतरायला वाट ती एकच होती.

त्याने कुंचा बुडवला आणि पहिली फांदी धुतली. मग दुसरी.

परुली सगळ्यांच्या पुढे होती. तिने नेहमीसारखी वाटी फांदीखाली धरली. वाटीत फेस पडला.

"हे काय, महाराज?"

"मावा पडलाय, माई." आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "ते गोड पाणी... किड्यांचं होतं. झाडाचा रस शोषत होते ते."

एका बाईने कडेवरच्या पोरीचं तोंड पदराने खसाखसा पुसलं.

परुलीने आधी झाडाकडे पाहिलं. सुकलेल्या फांदीवरून हात फिरवला. मग वाटी उपडी केली आणि त्र्यंबककडे वळली.

"मग तपाचं फळ म्हणालात, ते कसं काय?"

कुंच्यातलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी त्र्यंबकला कळलं नाही. त्याने मोठ्या आशेने बाबांकडे पाहिलं. बाबा आता काहीतरी बोलतील... सावरून घेतील...

बाबा दुसऱ्या बादलीसाठी रिठे फोडत होते. मान वर न करता म्हणाले,

"माझ्याकडे काय बघतोस? तिने तुला विचारलंय."