सत्तर आणि एकशेदहा

त्या मुलखात प्रत्येक घराला तीन भिंती असत आणि भिंती जिथे मिळत तिथे तीन कोन राहत. कोन आपल्या मापाने ओळखले जात, भिंती आपल्या लांबीने. पण घर उभं असेतो कुणी कुणाचं माप विचारत नसे.

अशाच एका घरात चाळीस नावाचा कोन वडीलधारा होता. एका दुपारी भूकंप झाला आणि त्याचा मुलगा घरातून निखळून कुठेतरी फेकला गेला. चाळीसपासून निघणारी एकोणीस हातांची भिंत शाबूत राहिली. तिच्या पलीकडच्या टोकाला तेरा हातांची भिंत होती. ती सुटलेल्या दारासारखी इकडेतिकडे फिरू लागली. चाळीसपासून थेट त्याच्या मुलापर्यंत जाणारी तिसरी भिंत ढिगाऱ्याखाली गेली. ती घरातली सून. तिची लांबी आजवर कुणी घेतलीच नव्हती.

महिन्याभराने दारात दोघे जण आले. दोघेही म्हणाले, "बाबा, मी आलो."

एक होता सत्तर. अंग चोरून उभा, बोलणं हळू. दुसरा एकशेदहा, ऐसपैस, आल्या आल्या पाय पसरून बसलेला. चाळीसने दोघांना निरखलं. इतकी वर्षं एका घरात काढली, पण मुलाकडे त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. तेरा हातांची भिंत फिरवून पाहिली, तर ती एकदा सत्तरपाशी टेकली, एकदा एकशेदहापाशी. दोन्हीकडे अगदी बरोबर.

मुलखात कोनांची पारख करणाऱ्या दोघी बहिणी होत्या, एकीचं नाव ज्या, दुसरीचं कोज्या; परक्या भाषेत त्यांना साइन आणि कोसाइन म्हणत. आधी ज्या या बहिणीला बोलावलं. तिने दोघांना उभं करून डोक्यावर हात ठेवला.

"दोघांची उंची एकच," ती म्हणाली. "माझ्या लेखी दोघेही तुमचेच."

चाळीसला वाटलं, हिला कुणीतरी पढवून पाठवलंय. त्यातच त्याने पाहिलं, की ते दोघे शेजारी बसले की त्यांच्यामध्ये फट म्हणून राहत नाही. दोघांची मिळून एक सरळ रेघ होते. म्हणजे यांची आधीपासून ओळख आहे! त्या दिवसापासून तो त्यांना वेगवेगळं जेवायला वाढू लागला आणि आपलं पाणी स्वतः भरून पिऊ लागला.

मग कोज्या आली. तिने कुणालाच हात लावला नाही.

"मला तिन्ही भिंतींची लांबी द्या. कोण खरा ते लगेच सांगते. तिसरीला उकरा."

ढिगाऱ्याखालून आवाज आला, "मामंजी, मला बाहेर काढा. मी जिथे संपते तिथेच ते असतात."

"ऐकलंत?" कोज्या म्हणाली.

"ऐकलं," चाळीस म्हणाला. "तिला कोण हवा, ते तिने आधीच ठरवलं असणार. आणि तुम्हाला तिच्याकडेच जायची एवढी घाई का?"

कोज्या निघून गेली. चाळीसने आठ दिवस विचार केला. एकशेदहा घरात आला तर आपण कोपऱ्यात जाणार, असं त्याला वाटत राहिलं. नवव्या दिवशी त्याने सत्तरला मुलगा म्हटलं आणि एकशेदहाला वेशीबाहेर घालवलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "बाबा, तिला तेवढं वर काढा."

सत्तरची जागा पक्की झाली, तेरा हातांची भिंत त्याला जोडली गेली. आता घर बंद करायचं, म्हणून ढिगारा उपसला. सून वर आली. ती कुठेही तुटलेली नव्हती. जेमतेम दहा हातांवर ती संपत होती, टोकाचा गिलावा गुळगुळीत, जसाच्या तसा. पुढे नऊ हात मोकळी जमीन, आणि तिच्यापलीकडे सत्तर, दुसरीकडे बघत उभा.

चाळीसने वाकून ते टोक चाचपलं.

"मातीत राहून आखडलीय," तो म्हणाला. "दोर बांधा. ओढा."

दोर ताणले गेले. सुनेच्या अंगावर मधोमध पहिला तडा गेला, तेव्हा चाळीस माप धरणाऱ्याकडे वळून म्हणाला, "किती झाली?"