घळीच्या तोंडाचा सडा

निंबवळीच्या घळीच्या तोंडाशी दररोज सकाळी सडा घालून रांगोळी काढण्याचे काम मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून करीत आले आहे. झरा पाहायला येणारे पाहुणे हटकून विचारतात, "बाई, इथे घर नाही, दार नाही; मग ही रांगोळी कुणाच्या अंगणात?" त्यांना मी सावळाईची हकिकत सांगते.

पूर्वी सारे गाव केर, फुटकी मडकी, मेलेली कोंबडीसुद्धा या घळीत टाकीत असे. पावसाळ्यात घळ धुऊन निघते आणि घाण ओढ्याला जाते, असा लोकांचा समज होता. सावळाई ही तरुण विधवा. तिची एकुलती मुलगी हगवणीने दगावली, तेव्हा रीतीप्रमाणे मुलीचे अंथरूण अंगावरच्या वस्तूंसकट घळीत टाकण्यात आले. पुढे मोठा पाऊस झाला आणि घळीखालच्या झऱ्यावर भरलेल्या घागरीतून मुलीची काळ्या मण्यांची मनगटी तिच्या हाती आली, असे सांगतात. घाण ओढ्याला जातच नव्हती. ती गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरत होती.

तिने मनगटी घरोघर दाखविली. लोक हळहळले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केर घेऊन घळीकडे गेले.

तेव्हा तिने गावातले घर सोडले, घळीच्या तोंडाशी खोपी बांधली आणि पहाटे दारापुढे सडा घालून रांगोळी काढली. पाट्या घेऊन आलेल्या बायका थबकल्या. दुसऱ्याच्या सड्यावर केर टाकणे म्हणजे त्या घराचे वाईट चिंतणे. ते कुणाच्याने होईना.

"उकिरड्याची मालकीण झालीस की गं, सावळे," तिची थोरली जाऊ म्हणाली.

"झाले, जाऊबाई. आता मालकिणीच्या दारात तरी टाकू नका."

केर खिंडीपलीकडच्या खड्ड्यांत जाऊ लागला. पाणी निवळले. सावळाई घरी परतली, तशा घळीत पुन्हा पाट्या रिकाम्या होऊ लागल्या. ती पुन्हा खोपीत आली, ती कायमची. सणासुदीला गावातले आवाज तिला ऐकू येत. बोलावणे मात्र येत नसे. ती उठून आली तर घळ कोण राखणार, हे सर्वांना ठाऊक होते. ती तिथेच म्हातारी झाली आणि तिथेच गेली, म्हणे. त्यानंतर गावाने सड्याच्या पाळ्या घराघरांत वाटून घेतल्या.

आजही सडा चुकलेला नाही. पाळीची घरे मात्र कुलपे लावून शहरांत गेली आणि त्यांच्या पाळ्या एकेक करून माझ्याकडे आल्या. आता प्लास्टिकच्या पिशव्या खड्ड्यांत कुजत नाहीत. वाऱ्याने उडून घळीत येतात. म्हणून यंदाच्या ग्रामसभेत मी प्रस्ताव मांडला: घंटागाडी दारोदार फिरावी, ओला कचरा खिंडीपलीकडे जावा, सुका तालुक्याला पाठवावा. सरपंच अनसूया ढेबे यांनी अनुमोदन दिले. सर्वांचे हात वर झाले.

"आणि सडा?" मी विचारले.

"गाडी आल्यावर सडा कशाला, बाई?" मागून कुणीतरी म्हणाले.

"ज्या दिवशी गाडी येणार नाही, त्या दिवसासाठी."

अखेर ठरले ते असे: सडा चालू ठेवावा, यास सर्वांची संमती. पाळी घेण्यास भागूबाई कोकरे एकट्याच तयार झाल्या. मंगळवार त्यांचा, उरलेले वार माझे.