खिंडीतला आरवणधोंडा

ह्या खिंडीतल्या धोंड्याला आम्ही आरवणधोंडा म्हणतो. आरवणारा कोंबडा ह्याच्या पलीकडे आमच्या वाडीत उतरत नाही. तेव्हा तुमचा तो असील जातीचा कोंबडा तेवढा काखेतून खाली ठेवा नि दमानं बसा. रागावू नका, बाबांनो. आमच्या कोंबड्यांची जात बघायला तुम्ही लांबून आलात, जेवल्याशिवाय सोडणार नाही. पण कोंबडा आत नाही म्हणजे नाही.

आमची पाखरं राखाडी अंगाची, काळ्या पायांची. झुंजूमुंजू झालं की साऱ्या वाडीतले नर कुडावर चढतात, पंख झाडतात, मान ताणून चोच उघडतात, आणि आवाज येत नाही. नवखा माणूस ते बघून घाबरतो. मागं गुरांचे एक डॉक्टर आले होते. घशात काही खोट नाही म्हणाले, आणि केलेला चहासुद्धा न घेता गेले.

सांगतात ते असं. फार मागं वाडीत नवसू नावाचा माणूस होता. त्याच्या कोंबड्यांची बांग पार खालच्या गावापर्यंत जायची म्हणे, आणि गडी त्या बांगेवर जीव टाकायचा. त्याची बायको चांगुणा बाळंतपणात गेली. तिला माळावर पुरली. मागं तान्ही पोर राहिली. तिला पाजायला वाडीत दुसरी बाळंतीण नव्हती आणि गाईचं दूध पोटात ठरेना. रडून रडून पोरीचा आवाज बसला. नवसूनं आशाच सोडली.

एका पहाटे पोर गप्प झाली म्हणून त्याला जाग आली. बघतो तर पाळण्याशी चांगुणा बसलेली. केसांत माती, पदराखाली पोर, आणि चुटूचुटू पिण्याचा आवाज. एवढ्यात खुराड्यातला नर आरवला. तशी तिनं पोरीला अर्धपोटीच खाली ठेवलं नि दारातून निघून गेली. दाराला कडी होती म्हणे.

मग रोज तेच. बांग झाली की आईला जावं लागे, आणि पोर भुकेली राही. लोक म्हणाले, "कापून टाक सगळे नर." पण मग बापजाद्यांनी राखलेली जात बुडाली असती. शेवटी तो डोंगरावरच्या देवीआईपुढं पालथा पडला. "आई, ह्यांचा आवाज तुला घे. ह्यांच्यात बाहेरची पैदास मी मिसळू देणार नाही, ह्यांच्या वंशात कुणी आरवणार नाही. पण माझ्या लेकीचं पोट भरू दे."

दुसऱ्या पहाटे नरानं मान ताणली, चोच उघडली, आणि नुसताच उभा राहिला. पोर पोटभर प्याली.

पोर जगली. दात आले, भाकरी खायला लागली. पण चांगुणा यायची थांबेना. जा म्हणून सांगणारी बांगच उरली नव्हती ना! रिकाम्या पाळण्याशी बसून राहायची बिचारी. नवसूला बघवेना. एकदाची सुटू दे, म्हणून त्यानं खालच्या गावातून आरवणारा नर आणला. ह्या धोंड्यापाशी आला तर माळावर माणसं जमलेली, चांगुणाच्या शेजारीच दुसरा खड्डा खणत होती. शेजाऱ्याची सून बाळंतपणात गेली होती. मूल मात्र जिवंत होतं.

नवसू इथंच मटकन बसला. खूप रडला म्हणतात. "चांगुणे, माफ कर गं मला," एवढं म्हणाला, आणि नर घेऊन आल्या वाटेनं माघारी गेला.

आजही आम्ही बाहेरचा नर आत घेत नाही. तुमच्या असीलाची पैदास मिसळली तर पुढच्या पिलांना आवाज येईल म्हणता. येईलही, मी कुठं नाही म्हणते? पण माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली. घरात गाय नव्हती, शेळी नव्हती. तरी मी एवढी म्हातारी झालेली तुमच्यापुढं बसलेय. आणि ते टोकाचं घर दिसतं ना, पाळणा टांगलेलं? त्या लेकराची आई परवा गेली.

चला, उठा आता. उजेड आहे तोवर तो कोंबडा खालच्या गावात ठेवून या. लेकराला पहाटे भूक लागते.