हेल्मीआजींचे वल्हे

एकदा उत्तरेकडच्या एका सरोवराकाठी एक वृद्ध भाषापंडित आपल्या विद्यार्थिनीसह येऊन राहिले. त्या काठाची बोली बोलणाऱ्या आता एकट्या हेल्मीआजीच उरल्या होत्या. त्या होडी वल्हवता वल्हवता जुन्या गोष्टी सांगत आणि विद्यार्थिनी त्या उतरवून घेई.

विद्यार्थिनी जात्याच काळजीखोर. त्या बोलीच्या जुन्या लिखाणात क्रियापदाच्या शेवटी असणारा ‘मी’चा प्रत्यय आजींच्या तोंडी पार झिजून गेलेला पाहून ती घाबरली. भाषा अशी गळत गेली तर उरणार काय? तिने वहीभर तो प्रत्यय जोडून टाकला आणि आजींना वाचून दाखवले.

“ही कोण बाई बोलतेय?” आजी म्हणाल्या. “मी नव्हे.” आणि गप्प झाल्या त्या झाल्याच. तीन दिवस गेले. आजी बोलल्या नाहीत, तर गोष्टी त्यांच्याबरोबरच जाणार होत्या.

चौथ्या सकाळी गुरूंनी विचित्रच केले. आजींच्या एका वल्ह्याची मूठ वापरून बारीक झाली होती. तिच्यावर भूर्जाची साल गुंडाळून त्यांनी ती नव्यासारखी जाड केली. तिघे होडीत बसले. आजींची बोटे मुठीवर मिटेनात. होडी गरगरली.

“पंडित, डोकं फिरलंय का तुमचं? चाळीस वर्षांत हाताजोगं झालं होतं ते!”

विद्यार्थिनी दचकून होडीच्या कडेला बिलगली.

गुरू तिला म्हणाले, “तुझा प्रत्ययही असाच, मुली. एके काळी तो अख्खा शब्द होता. क्रियापदामागे ‘मी’ म्हणता म्हणता तो त्याला चिकटला आणि पिढ्यांच्या तोंडी झिजून एवढासा झाला. तू ज्याला पूर्ण म्हणतेस, तेही झिजलेलंच. आता आजींकडे तो उरला नाही. पण म्हणून ‘मी’ हरवला का? नीट ऐकलंस तर कळेल, त्या ‘मी’ आधी म्हणतात, क्रियापद मागून.”

मग विद्यार्थिनीने वहीतली आपली भर एकेक करून खोडली. “चुकलं माझं, आजी. पुन्हा सांगाल?”

“आधी ही साल सोडव,” आजी म्हणाल्या. “मग लिही. आणि मी म्हणते तस्संच हं!”

साल सुटली. आजींनी मूठ आवळली, होडी सरळ चालू लागली. वहीतली नवी ओळ ‘मी’ने सुरू झाली.

आजींची बोली जुन्या लिखाणासारखी नव्हती, तशी आपली मुलेही आपल्यासारखी बोलत नाहीत, म्हणून जीव घाबरा होतो खरा. पण त्यांना सुधारण्याआधी एकदा नीट ऐकून तर पाहावे.