कृपया चपला अद्ययावत करून या

एकदा एक आचार्य होऊन गेले. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा आश्रम होता आणि तेथे ते संकेतस्थळे बांधण्याची विद्या शिकवीत. पूर्वीच्या आश्रमांत शिष्यांना रानात जाऊन समिधा आणाव्या लागत. येथे त्यांना टेकाडावर चढून सिग्नल शोधावा लागे. बाकी शिस्त तीच होती.

शिष्यांमध्ये एक फार तल्लख होता. त्याला व्यसन एकच, बातम्यांचे. राजकारणाच्या बातम्या नव्हेत. त्या वाचून मनुष्य नुसता चिडतो. हा वाचायचा नव्या साधनांच्या बातम्या. संकेतस्थळ बांधायचे कोणते नवे साधन निघाले, कोणाची नवी आवृत्ती आली, कोणते कालबाह्य ठरले, हे सारे तो तोंड धुण्यापूर्वी वाचून काढी आणि न्याहारीला बसताच जाहीर करी, "आचार्य, आपण काल शिकवलंत ते आज जुनं झालं."

"असं का?" आचार्य म्हणत. "मग पोहे तेवढे खाऊन घेऊ. ते अजून गरम आहेत."

एके दिवशी, श्रावण सरता सरता, बाजारपेठेतला घोंगड्यांचा एक व्यापारी आश्रमात आला. नवा महामार्ग त्याच्या गावाला वळसा घालून गेला होता, त्यामुळे पूर्वी त्याच्या दुकानासमोर थांबणारी एसटी आता बाहेरच्या बाहेर निघून जाई. आठवडी बाजाराला जी काही आजूबाजूची माणसे येत, तेवढीच गिऱ्हाइके उरली होती.

"आचार्य, डोंगरापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर माझी पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं आहेत," व्यापारी म्हणाला. "त्यांना इथवर येणं जमत नाही, पण फोन सगळ्यांच्या हातात आहे. माझं दुकान त्या फोनात नेऊन ठेवा. या थंडीत माल हलला नाही, तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल. माझं एक वेळ होईल काहीतरी. पण घोंगडी विणणारे सणगर माझ्या वडिलांपासून फक्त माझ्यासाठी विणतात. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, माग बंद करा म्हणून?"

आचार्यांनी ते काम त्या तल्लख शिष्याकडे सोपवले. दसऱ्याच्या मुहूर्तावर संकेतस्थळ उघडायचे ठरले.

शिष्याने प्रथम 'तडित' नावाच्या साधनाने आरंभ केला. काम निम्मे होते न होते तोच बातमी आली की 'गरुडवेग' नावाचे साधन निघाले असून ते तडितपेक्षा पापणी लवण्याच्या दशांशाने जलद आहे. शिष्याने झाले तेवढे मोडले आणि गरुडवेगाने पुन्हा आरंभ केला. भिंती पुरत्या उभ्या राहण्यापूर्वी दुसरी बातमी आली. ज्या गृहस्थाने गरुडवेग घडवले होते त्यालाच त्याचा कंटाळा आला होता आणि त्याने 'निमिष' नावाचे नवे साधन घडवले होते. शिष्याने गरुडवेगाचे कामही मोडले आणि निमिष हाती घेतले.

व्यापारी मधूनमधून चौकशीला येई. "कुठवर आलं?"

"शेटजी, पाया बदलतो आहे."

"मागल्या खेपेलाही पायाच बदलत होतास की रे. घोंगड्यांचा धंदा माझा, पण भिजत घोंगडं ठेवण्यात तुझा हात कोणी धरणार नाही."

शिष्य मान खाली घालून हसे आणि पुन्हा कामाला लागे. तो आळशी नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. आळशी असता तर तडितवरच थांबला असता आणि ही कथाच घडली नसती.

दसऱ्याला संकेतस्थळ उघडले, आणि ते अप्रतिम होते. शिष्याच्या नव्याकोऱ्या फोनवर काळेभोर घोंगडे आकाशातून तरंगत येई. बोट फिरवले की ते वळे, त्याची दशी न् दशी वाऱ्यावर हाले, मागून मेंढरांचा कळप संथपणे सरके. व्यापाऱ्याने तो फोन दोन्ही हातांत धरून पाहिला. त्याचे डोळे भरून आले. "वडील असायला हवे होते," एवढेच तो म्हणाला. आचार्यांनीही पाहिले. "सुंदर आहे," ते म्हणाले. "आता एखाद्या गिऱ्हाइकाला दाखव." शिष्याने ते वाक्य कौतुक समजून घेतले.

मग कोजागिरी झाली, दिवाळी झाली, तुळशीचे लग्नही लागले. अंगणात शेकोट्या पेटू लागल्या, पण घोंगड्याची एकही मागणी आली नाही.

व्यापारी आश्रमात आला तो तक्रार करायला नव्हे. मला त्याचे हेच फार लागते. तो म्हणाला, "आचार्य, कामात खोट नाही. पोरानं जीव ओतलाय. लोकांनाच आता घोंगडं नको झालंय, त्याला कोण काय करणार? उद्याचा बाजार झाला की सणगरांना निरोप धाडतो." त्याने नमस्कार केला आणि तो निघून गेला.

आचार्यांनी शिष्याला बोलावून सणगरांच्या निरोपाची गोष्ट त्याच्या कानावर घातली. "का रे, दसऱ्यापासून त्या स्थळाकडे कोणी फिरकलंच नाही?"

"आले की. रोज येतात," शिष्य म्हणाला. "पण आचार्य, त्यांचे फोन पाहवत नाहीत. संकेतस्थळ ज्या खिडकीतून दिसतं तो ब्राउझरच यांचा जुनापुराणा. निमिष त्यात चालत नाही. तरी मी कोणाला ताटकळत ठेवलेलं नाही. स्वच्छ अक्षरांत सूचना येते, 'आपला ब्राउझर जुना आहे. कृपया तो अद्ययावत करून पुन्हा या.' खाली जोडलेल्या हातांचं चित्रही घातलं आहे."

"हातही जोडलेस?"

"हो."

"मग तुझ्याकडून काही राहिलं नाही," आचार्य म्हणाले. "उद्या बाजाराला माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी दोघे सकाळीच व्यापाऱ्याच्या दुकानी पोहोचले. आचार्यांनी एक स्टूल मागून घेतले, ते उंबऱ्याशी मांडले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "शेटजी, आज दारावर मी बसतो. थोडा वेळ मी काय करतो ते पाहा, मध्ये बोलू नका." व्यापाऱ्याला वाटले, आश्रमातून एवढे मोठे मनुष्य आले आहेत, आशीर्वादाचा काही विधी असेल. त्याने मान डोलावली.

आता बाजारपेठेतला एक रिवाज सर्वांना ठाऊक असेल. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीचे गिऱ्हाईक कोणीही परत पाठवत नाही. पदरचे घालावे, हवे तर चहा पाजावा, पण त्याला रिकाम्या हाताने जाऊ देऊ नये. ते गेले तर दिवस गेला, असे मानतात.

पहिली आली एक म्हातारी. तिने पायरीवर पाऊल ठेवताच आचार्य उठून उभे राहिले, त्यांनी तिच्या पायांकडे निरखून पाहिले आणि हात जोडले. "माते, आपल्या चपला जुन्या आहेत. कृपया त्या अद्ययावत करून पुन्हा यावे."

म्हातारीने आधी आचार्यांकडे आणि मग स्वतःच्या पायांकडे पाहिले. "माज्या पायताणाला काय झालंय? चांगलं चालतंय की."

"चालते, परंतु या दुकानात चालत नाही."

"आवो, म्हाताऱ्याचं गुडघं धरल्यात. घोंगडं पायजे मला. पायताण कशाला बघताय?"

"आपल्या चपला जुन्या आहेत," आचार्यांनी त्याच स्वरात पुन्हा सांगितले. "कृपया त्या अद्ययावत करून पुन्हा यावे." आणि पुन्हा हात जोडले.

म्हातारी काहीतरी पुटपुटत पायरी उतरली. काय पुटपुटली ते छापण्याजोगे नाही. गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याच्या कपाळावर, त्या थंडीतही, घाम आला. भवानीचे गिऱ्हाईक परत गेले होते.

त्यामागून एक निवृत्त मास्तर आले. त्यांच्या बुटाला ठिगळ होते. आचार्यांनी त्यांना सांगितले की हा बूट मागील आवृत्तीचा आहे. मास्तरांनी आयुष्यभर इतरांना वर्गाबाहेर काढले होते. स्वतः बाहेर निघण्याचा त्यांना सराव नव्हता. ते लाल होऊन गेले. मग एक अनवाणी गृहस्थ आले. त्यांच्यापुढे आचार्य क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "आपण कशात आला आहात ते ओळखता आले नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करावा." गृहस्थ भाबडे होते. ते खरेच पायरी उतरले, पुन्हा चढले, आणि तेच उत्तर ऐकून निघून गेले.

अखेर चकचकीत नवे बूट घातलेला एक तरुण आला. आचार्यांनी त्याला वाकून आत घेतले. त्याने सभोवार पाहिले, "काय सुंदर दुकान आहे," असे म्हटले, इथे चांगला चहा कुठे मिळतो ते विचारले आणि तो गेला.

इतका वेळ शिष्य कसाबसा गप्प राहिला होता. आता त्याला राहवेना. "आचार्य, क्षमा करा, पण हे चाललंय काय? शेटजींचं सगळं या थंडीवर अवलंबून आहे आणि आपण गिऱ्हाइकं हाकलता? माणूस घोंगडं घ्यायला आलाय, चपला दाखवायला नाही."

"मी कोणाला हाकललं?" आचार्य शांतपणे म्हणाले. "मी कोणाला ताटकळत ठेवलं नाही. स्वच्छ शब्दांत सूचना दिली. हातही जोडले."

शिष्याला स्वतःची सूचना आठवली. त्याचा चेहरा उतरला.

"मग नवीन काही वाचूच नये का?" त्याने विचारले.

"वेड्या, मी रोज वाचतो," आचार्य म्हणाले. "तुझ्याआधी उठून वाचतो. मागे एका साधनाच्या कुलपात खोट असल्याची बातमी आली, तेव्हा तुम्हां सगळ्यांना भरल्या ताटावरून मीच उठवलं होतं. ती बातमी गिऱ्हाइकाच्या रक्षणाची होती. बातमी वाचली की तू विचारतोस, हे साधन किती नवं आहे. मी विचारतो, यानं दार मोठं होतं की लहान. तू दुकान बांधलंस ते स्वतःच्या फोनासाठी. त्यात तुझा फोन मात्र फार सुखात आहे."

गल्ल्यावरून व्यापारी हळूच खाकरला. त्याने कोपरीच्या खिशातून आपला फोन काढला. त्याची काच तडकलेली होती आणि मागचे झाकण रबराने बांधलेले होते. "आचार्य, एक विचारू? हे... माझ्या फोनातही तेच येतं. आपला ब्राउझर जुना आहे. दसऱ्यापासून रोज सकाळी उघडून बघतो, रोज तेच."

शिष्य त्याच्याकडे बघतच राहिला. "शेटजी, मग आपण बोलला का नाहीत?"

"काय बोलणार, बाळा? वाटलं, दुकान आता मोठं झालं. आपलीच ऐपत राहिली नाही आत जायची."

शिष्याला फार लाज वाटली. तो तडक उठला आणि बाजारात पळत गेला. म्हातारी भाजीवालीपाशी सापडली, पण ती यायला तयार होईना. "आदी त्या दाढीवाल्याला दारातनं उठवा," ती म्हणाली. आचार्य आपण होऊन उठले, त्यांनी स्टूल आत नेऊन ठेवले आणि या वेळी मनापासून हात जोडले. म्हातारीने घासाघीस करून घोंगडे नेले. व्यापाऱ्याने तिची रक्कम कपाळाला लावली. भवानी झाली.

"शेटजी," शिष्य म्हणाला, "सणगरांचा निरोप थोडा थांबवा. आणि आपला फोन मला द्या."

त्या रबर बांधलेल्या फोनावर, दुकानातल्या पोत्यावर बसून, त्याने काम नव्याने केले. मध्ये दोनदा नवी साधने निघाल्याच्या बातम्या आल्या. त्याने त्या वाचल्या आणि पुढे काम चालू ठेवले. तरंगणारे घोंगडे त्याने टाकून दिले नाही. ज्याचा फोन ते पेलेल त्याला ते दिसे. ज्याचा पेलणार नाही, त्याला घडी घातलेल्या घोंगड्याचे एक छायाचित्र, लांबीरुंदी, किंमत आणि खाली 'हवे आहे' असे एक बटण दिसे. सूचना काढून टाकली. जोडलेले हातही काढले.

संकेतस्थळ पुन्हा उघडल्याच्या दुसऱ्या सकाळी शिष्य पोह्यांची ताटली घेऊन टेकाडावर बसला होता, तेव्हा पहिली मागणी आली. तो पोह्यांवरून उठला आणि टेकाड उतरून धावत बाजारपेठेत गेला. "शेटजी, मागणी आली," तो धापा टाकत म्हणाला, "नाव पाहा," आणि त्याने स्वतःच प्रथम नाव पाहिले. ते व्यापाऱ्याचे होते.

"ही तर आपलीच मागणी आहे. स्वतःच्याच दुकानातून घोंगडं मागवलंत?"

व्यापारी ओशाळून हसला. "दसऱ्यापासून बाहेर उभा होतो रे. म्हटलं, एकदा आत जाऊन यावं."

 शिष्याने फळीवरचे एक चांगले घोंगडे काढले, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी व्यापाऱ्याच्या स्वाधीन केले. ते हात अजून पुढेच होते, तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन वाजला. या वेळी मागणी डोंगरापलीकडच्या एका वस्तीवरची होती आणि नाव दोघांनाही अनोळखी होते. दुपारपर्यंत तशी आणखी नावे आली.

व्यापाऱ्याने ती सगळी सावकाश वाचली. मग सणगरांना पाठवायचा थांबवून ठेवलेला निरोप त्याने बदलला आणि एका माणसाच्या हाती तो पाठवून दिला: माग चालू ठेवा, लोकर कमी पडली तर कळवा.