गुऱ्हाळाचं कुंपण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, उसाच्या गावची. तिथे पाच भागीदारांचं एक गुऱ्हाळ होतं आणि सटवाजी नावाचा म्हातारा गुळव्या काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस आटवून गूळ करी.

त्या गुऱ्हाळाची एक रीत होती. येईल त्याला तांब्याभर रस आणि हातावर गरम गूळ. खाणारा जाता जाता वाळत घातलेलं चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, चार हात खालीवर करून जाई. कोणी सांगत नसे. त्याच वाळल्या चिपाडावर काहिलीखालचं चुलवाण पेटे. काय दिवस होते ते. त्या गर्दीवर सटवाजीचा भारी जीव.

एका वर्षी थोरल्या भागीदाराच्या पोटात दुखायला लागलं. रोज दोन ढेपांचा गूळ फुकट्यांच्या तोंडात जातो म्हणे.

"गुऱ्हाळ आपल्या पाच जणांचं. गावाचं त्यात काय?"

चौघांनी माना डोलावल्या. हा गूळ वाया जात नाही, असं सटवाजी सांगून थकला, पण गड्याचं कोण ऐकतो? भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं आणि गावाला आत यायची बंदी झाली.

आठवडाभर ढेपा जास्त निघाल्या. भागीदार खूश. सटवाजीला मात्र गुऱ्हाळ सुनंसुनं वाटे.

एका दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं. चिपाड शेतभर पसरलेलं. सहा माणसं धावून धावून किती धावणार? सगळं भिजलं, चुलवाण विझलं, काहिलीतला रस अर्धाकच्चा राहिला. तोडलेल्या उसाचा ढीग पडला होता, तोही आता दोन दिवसांत आंबणार होता.

कुंपणापलीकडे गाव गोळा झालं होतं. बघत काय उभे राहिलात, म्हणून थोरला त्यांच्यावर खेकसला.

एक म्हातारी म्हणाली, "आत यायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत ना, दादा? हात तर शिवशिवत होते आमचे."

थोरल्याची मान खाली गेली. त्याने स्वतःच्या हाताने काटे उपसायला घेतले. हात रक्ताळले, तरी थांबला नाही.

मग माणसं आली. कोणी घरच्या शेण्या आणल्या, कोणी सरपण. संध्याकाळी चुलवाण पुन्हा धडधडलं. ती एक काहील वाया गेली, पण ढिगातला ऊस वाचला. माणसांचा तो गलका ऐकून सटवाजीला रडूच आलं.

तात्पर्य: धंद्यात वाटा पाचांचा असला तरी त्याला हात अख्ख्या गावाचे लागतात, गावाला बाहेर ठेवणारा स्वतःचाच वाटा बुडवतो.