माडीवरचा खडबडीत चौकोन

चिंतोबा महाराज नांदिवऱ्याच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. देवळाच्या सभामंडपावर सागवानी फळ्यांची माडी होती. बायका तिथे बसून कीर्तन ऐकत. वर्षानुवर्षांच्या वावराने फळ्या झिजल्या होत्या, चिरा पडल्या होत्या, तळव्यांत लाकडाची कुसळे घुसत. एक म्हातारी लंगडत उतरताना दिसली, तेव्हा महाराजांनी लवू सुताराला बोलावले. म्हणाले, "लवू, माझ्या लेकींच्या पायांना जरा सुख दे रे बाबा!"

लवू गरीब, अबोल. पण महाराजांवर जीव ओवाळून टाकणारा. तीन आठवडे तो गुडघ्यांवर होता. वर आलेले खिळे आत ठोकले, रंधा मारला, चिरांत राळ आणि भुसा भरला, तेल जिरवले. काय लखलखली माडी! मात्र रंधा लावण्याआधी प्रत्येक फळी बोटांनी ठोकून ऐकायची, ही त्याच्या घरची रीत. मधल्या चार फळ्या ठोकल्या, आवाज पोकळ आला आणि त्याचा चेहरा उतरला. आतली खोट झाकायला नको, म्हणून तिथे त्याने हत्यार लावलेच नाही.

उत्सवाच्या दिवशी दुपारी देवळाचा कारभार पाहणारे बळवंतराव खोत पाहायला आले. "वा रे कारागीर! सगळी जमीन आरशासारखी आणि मध्ये हा खडबडीत चौकोन? कंटाळा आला वाटतं!"

"धनी, खालची तुळई वाळवीनं खाल्लीय. आज कुणाला वर बसवू नका. पाया पडतो तुमच्या."

"गेल्याच वर्षी मी ती रंगवून घेतलीय. ठणठणीत आहे! तुला रंधा मारायला बोलावलंय, भविष्य सांगायला नाही. अंथरा रे इथे जाजम!"

सगळे फिदीफिदी हसले. खडबडीत चौकोन जाजमाखाली गेला, आणि त्यावर मानाच्या जागी कोण बसली? खोतांचीच लेक सुमती, सातवा महिना लागलेली!

लवू महाराजांकडे धावला. महाराज गाभाऱ्यात दार लावून ध्यानाला बसले होते. उंबऱ्यावर डोके टेकून तो रडला, "महाराज, माझं कुणी ऐकत नाही हो. तुम्ही तरी ऐका!"

कीर्तन रंगले. माडी बायकांनी भरली. इतक्यात वरून 'कर्रर्र' झाले. खाली कीर्तनकार बुवांच्या पागोट्यावर पिवळी भुकटी पडली. पुन्हा कर्रर्र! बायका किंचाळल्या, जिन्याकडे धावू लागल्या. आता काय होणार, देवा!

तोच गाभाऱ्याचे दार उघडले. महाराज येऊन बरोबर तुळईखाली उभे राहिले. तुळई त्यांच्या डोक्यावर चांगली दहा हात उंच. महाराज म्हणाले, "बायांनो, धावू नका. कडेकडेने, एकेक उतरा. मी धरलंय."

त्या आवाजाने धावपळ थांबली. बायका भिंतीला धरून उतरल्या. मध्ये राहिली एकटी सुमती. भीतीने तिचे पाय उचलेनात. "बाबा!" तिने हाक मारली. खोत धावले, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवरच ते थिजले. लवू मात्र वर चढला. कुठली फळी घट्ट, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? "ताई, मी पाय ठेवीन तिथंच ठेवा." एकेक पाऊल टाकत त्याने तिला खाली आणले.

दोघे अंगणात पोहोचले. महाराज हळूच बाजूला झाले, आणि धाडकन तुळई कोसळली! आत नुसती माती. वरवर रंग तेवढा शाबूत. एवढा वेळ ती राहिली कशी? लोकांनी पाहिले, तर महाराजांचा उजवा खांदा काळानिळा पडला होता.

खोत धावत येऊन महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराजांनी त्यांना अडवले. "बळवंता, मी नुसता भार धरला. सावध करणाऱ्याला तू हसलास."

खोत वळले. ज्यांच्यापुढे सारा गाव वाकायचा, त्यांनी लवूच्या तेलकट पायांवर डोके ठेवले.

"अहो धनी, हे काय करता! उठा!" लवू कासावीस झाला.

पण खोत काही केल्या उठेनात. लेकराच्या वरताण हुंदके देत ते एवढेच म्हणत राहिले, "माझी पोर वाचवलीस रे!"